आधी मर्यादा, मग गोष्ट

डेटा स्ट्रक्चर्सच्या पेपरात चांगले गुण पडले, तेव्हा वर्गातल्या मित्राने मला कोडफोर्सेस या प्रोग्रॅमिंग स्पर्धांच्या साइटवर खातं उघडायला लावलं. तिथे रेटिंगप्रमाणे नावाचा रंग बदलतो. १२०० च्या खाली करडा, मग हिरवा, १४०० ला निळसर हिरवा आणि १६०० ला निळा. मला निळा हवा होता. अल्गोरिदमची गोडी वगैरे नंतर लागली.

स्पर्धेच्या पहिल्या काही फेऱ्यांमध्ये 'टाइम लिमिट एक्सीडेड' हा निकाल इतका यायचा की नंतर त्याचं काही वाटेनासं झालं. उत्तर बरोबर, पण प्रोग्रॅम हळू. मग एका सीनिअरने सांगितलं, ‘प्रश्नातली गोष्ट नंतर वाच, आधी इनपुटच्या मर्यादा बघ.’ माझा खरा अभ्यास तिथून सुरू झाला. सी प्लस प्लसमध्ये सेकंदाला साधारण १० कोटी साध्या क्रिया होतात, असा ढोबळ हिशोब धरायचा. एन, म्हणजे इनपुटमधल्या घटकांची संख्या, २ लाखांपर्यंत असेल, तर लूपमध्ये लूप म्हणजे ४,००० कोटी फेऱ्या. तो विचारच सोडायचा. मग सॉर्टिंग, बायनरी सर्च (दर वेळी शोधाची जागा अर्धी करणं), सेगमेंट ट्री असली काहीतरी वेगवान पद्धत लागणार. एन २० च असेल तर उलट खूश व्हायचं: सगळे उपसंच मिळून १०,४८,५७६, बिनधास्त तपासा. बेरजेचाही अंदाज इथेच येतो. १०० कोटींपर्यंतच्या २ लाख संख्यांची बेरीज ‘इंट’ या नेहमीच्या संख्या-प्रकारात मावत नाही, तिथे मोठा ‘लाँग लाँग’च हवा.

सगळ्यात मजा आली ती उत्तरावरच बायनरी सर्च करायला शिकताना. वेगवेगळ्या लांबीच्या दोऱ्या कापून सारख्या लांबीचे के (म्हणजे दिलेल्या संख्येइतके) तुकडे हवेत, तर एक तुकडा जास्तीत जास्त केवढा? थेट काढायला गेलं की गुंता होतो. त्यापेक्षा एक लांबी धरायची आणि तुकडे पुरतात का ते मोजायचं. पुरले तर लांबी वाढवायची, नाही तर कमी करायची. हे डोक्यात बसलं त्या रात्री मी जुने प्रश्न उकरून परत सोडवत बसलो होतो.

रेटिंग मात्र फेऱ्यांपेक्षा फेरीनंतरच्या कामाने वाढलं. अडलेला प्रश्न दुसऱ्या दिवशी घ्यायचा, एडिटोरियलमधली, म्हणजे उत्तराच्या स्पष्टीकरणातली, पहिली सूचना वाचून पान बंद करायचं, आणि कोड स्वतः लिहायचा. कंटाळवाणं काम आहे, बरेच जण तिथेच सोडतात.

निळा रंग आला, गेला, परत आला. आता आयसीपीसी या कॉलेजांच्या प्रोग्रॅमिंग स्पर्धेची तयारी चालू आहे: तिघांची टीम, एकच कॉम्प्युटर, ५ तास. सुटलेल्या प्रश्नावर आधी चुकीचं सबमिशन झालं असेल, तर दर वेळेचे २० मिनिटं दंड. त्यामुळे आम्ही कोड आधी कागदावर लिहितो. टायपिंग मित्राचं, सुरुवातीला सगळ्या प्रश्नांच्या मर्यादा चाळून कुठला आधी घ्यायचा ते मी ठरवतो. नेटवर्क फ्लोचा (जाळ्यातून जास्तीत जास्त प्रवाह नेण्याचा) प्रश्न आला की मात्र आम्ही दोघंही टीममधल्या तिसरीकडे बघतो.