आमची वाटचाल : सोड्याच्या बाटलीपासून फिल्टर हाउसिंगपर्यंत

प्लांटेड टँक, म्हणजे पाणवनस्पती लावलेल्या माशांच्या टाक्या, उभारून देणं आणि त्यांची देखभाल करणं हा आमचा धंदा. माती जवळपास तीच राहिली, दिवे सुधारले, पण पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळवायची मांडणी आम्ही तीनदा मुळापासून बदलली. का बदलली, ते इथे लिहितो.

आधी एक हिशेब. नेहमीच्या दोन फुटी टाकीत, म्हणजे ६० × ३० × ३६ सेंमीच्या, साधारण ६५ लिटर पाणी मावतं. झाडांसाठी ३० पीपीएम, म्हणजे लिटरला ३० मिलिग्रॅम गॅस पुरतो. अख्ख्या टाकीला मिळून जेमतेम २ ग्रॅम! मग दोन किलोचा सिलिंडर संपतो कसा? उघड्या हवेत ठेवलेल्या पाण्यात हा गॅस लिटरला अर्धा-पाऊण मिलिग्रॅमच टिकतो. आपण त्याच्या पन्नासपट कोंबतो, त्यामुळे तो पाण्याच्या पृष्ठभागावरून सतत उडत असतो. शिवाय काही बुडबुडे न विरघळताच वर जाऊन फुटतात. पहिली तूट सोसावीच लागते, कारण पृष्ठभाग हलता नसेल तर माशांना प्राणवायू मिळत नाही. दुसरी मात्र आपल्या हातात आहे, आणि सगळी निवड तिच्यासाठीच.

सुरुवात सायट्रिक ॲसिड आणि खाण्याच्या सोड्याने. दोन बाटल्या, एकीत ॲसिड, दुसरीत सोडा, प्रत्येकी २०० ग्रॅम, मध्ये नळी आणि झाकणावर छोटा व्हॉल्व्ह. २०० ग्रॅम सोड्यातून १०० ग्रॅमच्या आसपास गॅस निघतो, म्हणजे लहान टाकीला तो काही आठवडे पुरायला हरकत नाही. बाटली कोल्ड्रिंकचीच हवी. पिण्याच्या पाण्याची पातळ बाटली दाब सोसत नाही. काही ठिकाणी सोड्याऐवजी बेकिंग पावडर पडली आणि स्टार्चचा लगदा नळीत चढला. पण खरी अडचण दाबाची. सिरॅमिक चकतीतून बारीक बुडबुडे काढायला १ बारच्या वर दाब लागतो, आणि बाटलीतला दाब सकाळी एक, दुपारी दुसरा. गॅस रोज कमीजास्त झाला की झाडांआधी काळं शेवाळ खूश होतं. एक फुटाच्या टाकीसाठी अजूनही कुणी मागितलं तर देतो, त्यापुढे नाही.

मग सिलिंडर. इथे नवख्यांच्या हातून सर्वांत महाग चूक होते. आगीसाठीचा दोन किलोचा सीओटू सिलिंडर सहज मिळतो, पण त्याच्या आत तळापर्यंत जाणारी सायफन नळी असते. ती गॅस नव्हे, द्रव बाहेर फेकते, कारण आग विझवायला तेच हवं असतं. तसाच रेग्युलेटर (दाब उतरवणारं यंत्र) लावला तर द्रव आत जाऊन तो गोठतो आणि डायफ्रॅम जातो. नळी काढून व्हॉल्व्ह बदलायचं काम भरणाऱ्या अधिकृत माणसाकडूनच करून घ्यावं. घरी पाना लावू नये. सिलिंडर उभाच ठेवायचा, आडवा केला की परिणाम तोच. खरेदी करताना खांद्यावर ठोकलेली हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाच्या चाचणीची) तारीख आणि पेसोची (स्फोटकं आणि गॅस सिलिंडरांवर देखरेख करणारी केंद्र सरकारची संस्था, मुख्यालय आपल्या नागपुरातलंच) मान्यता बघावी. भरणं वजनकाट्यावर. ३१ अंशांच्या वर कार्बन डायऑक्साइड द्रव राहूच शकत नाही, आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे ते तापमान रोजचंच. थोडा जास्त भरून घेतलेला सिलिंडर अशा वेळी सेफ्टी डिस्क फोडतो.

पैसे आखडायचेच असतील तर डिफ्यूझरवर (गॅसचे बारीक बुडबुडे करणाऱ्या चकतीवर) आखडा, रेग्युलेटरवर नको. सिंगल स्टेज, म्हणजे दाब एकाच टप्प्यात उतरवणाऱ्या, रेग्युलेटरमध्ये सिलिंडर संपत आला की बाहेरचा दाब आपोआप वाढतो, गॅसची धार बारीक करणारा निडल व्हॉल्व्ह स्वस्तातला असेल तर बुडबुड्यांची धार लागते आणि सकाळी मासे वर तोंड काढून धापा टाकत असतात. शेवटचा गॅसही वापरून टाकू, या हिशेबात हेच होतं. ड्युअल स्टेजमध्ये ही भीती जवळपास नाही. नळी पीयूची (पॉलियुरेथेनची), आतून ४ आणि बाहेरून ६ मिमी. सिलिकॉनची नळी मऊ आणि लावायला सोपी, पण तिच्या भिंतीतूनच गॅस झिरपत जातो. सिलिंडर आणि रेग्युलेटरच्या जोडावर टेफ्लॉन टेप गुंडाळू नये, तिथे काम वॉशरचं असतं.

या मांडणीत आधी टाकीच्या आत काचेचा डिफ्यूझर असायचा. प्लांटेड टँक लोकप्रिय करणाऱ्या जपानच्या ताकाशी अमानो यांच्या टाक्यांमुळे ही नाजूक काच लोकांना आवडते, आणि दोन फुटांपर्यंत आम्हालाही. चकती पंपाच्या प्रवाहाखाली, शक्य तितकी तळाशी, म्हणजे बुडबुड्याला वर यायला वेळ लागतो. महिन्याभरात तिच्यावर हिरवी-तपकिरी साय धरते आणि बुडबुडे मोठे होतात. ब्रशने घासू नये, छिद्रं बुजतात. पाण्यात थोडं ब्लीच घालून अर्धा तास बुडवा, स्वच्छ धुवा, मग क्लोरीन मारायच्या द्रावणात ठेवा. गॅस चालू असताना चकती सगळीकडून सारखी फसफसली तर ठीक. एकाच कोपऱ्यातून फुगे येत असतील तर ती तडकली आहे.

तीन फुटांच्या टाक्यांना कॅनिस्टर फिल्टरच्या (टाकीबाहेर बसणाऱ्या बंद फिल्टरच्या) परतीच्या नळीवर इनलाइन ॲटमायझर, म्हणजे नळीतच बसणारा डिफ्यूझर, लावायला लागलो. विरघळणं सुधारलं, पण त्याला २ ते ३ बार दाब लागतो आणि टाकीभर धुकं पसरतं. ‘पाणी सोड्यासारखं दिसतं’ ही तक्रार हॉलमध्ये टाकी ठेवणाऱ्यांकडून हमखास येते.

त्यावर उतारा म्हणजे रिअॅक्टर, पाणी आणि गॅस बंद भांड्यात मिसळणारा, आणि तो आरओच्या दुकानात सापडला. पाण्याच्या प्युरिफायरपुढे असतं ते १० इंची प्री-फिल्टर हाउसिंग, कॅन्डलशिवाय. पाव इंची तोंडाचं घेऊ नका, प्रवाह मरतो. पाऊण इंची मागून घ्या. मधल्या, म्हणजे बाहेर जाणाऱ्या तोंडाला आतून अर्धा इंची सीपीव्हीसी पाइप बसवायचा, तळापासून दोन सेंमी वर राहील इतका. फिल्टरमधून आलेलं पाणी बाणाच्या दिशेने कडेच्या तोंडातून आत पडतं, त्याच नळीवर टी लावून गॅस सोडायचा. गॅस वर जाऊ पाहतो, पाणी त्याला खाली ढकलतं आणि तळाशी पोचतं ते बुडबुड्यांविना. नळ्या उलट लावल्या तर गॅस पाइपने तळाशी जाऊन सरळ वरच्या तोंडातून निसटतो. असे उलटे जोडलेले रिअ‍ॅक्टर आम्ही दुरुस्तीला अनेकदा पाहतो. थ्रेडवर टेफ्लॉन, ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस, व्हॅसलीन नाही. हाउसिंग पारदर्शक घ्या: वर साठलेला गॅस पाव उंचीपेक्षा खाली उतरला तर प्रवाह कमी पडतोय किंवा गॅस जास्त होतोय. अडथळ्यामुळे प्रवाह घटतो, म्हणून चार फुटी टाकीला फिल्टर एक माप मोठा घेतो.

मोजायला ड्रॉप चेकर, म्हणजे टाकीत लावायची रंग बदलणारी छोटी काचेची कुपी, त्यात ४ केएचचं (केएच म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) तयार द्रावण. टाकीचं पाणी भरलं तर रंगाला अर्थ नाही. निळा म्हणजे कमी, हिरवा बरोबर, पिवळा जास्त, आणि तो रंग तास-दोन तास मागचा असतो. पीएचवर जाणाऱ्यांसाठी: धरणाच्या मऊ पाण्यात, केएच २ असताना, ३० पीपीएमला पीएच ६.३ येतो. बोअरच्या केएच १२च्या पाण्यात तेवढ्याच गॅसला ७.१. बोअरवाले आकडा खाली आणायला गॅस वाढवत जातात आणि मासे घालवतात.

गॅस दिवे लागण्याच्या दोन तास आधी चालू, दिवे मालवण्याच्या एक तास आधी बंद. काट्याचा टायमर मात्र वापरू नका. वीज गेली की तो थांबतो, रोज अर्धा तास गेली तर आठवड्यात साडेतीन तास मागे पडतो आणि गॅस रात्री सुटायला लागतो. बॅटरीवाला डिजिटल घ्या. गळती बघायची तर रात्री मुख्य व्हॉल्व्ह बंद करून सकाळी रेग्युलेटरवरचा दाबाचा काटा बघा. उतरला असेल तर प्रत्येक जोडावर साबणाचा फेस. आणि सिलिंडरमध्ये किती उरलंय हे काट्यावरून ठरवू नका, आत थेंबभर द्रव असेपर्यंत तो हलत नाही. रिकामं वजन मानेवर कोरलेलं असतं, ते वजा करा. आम्ही तोच आकडा कॅबिनेटच्या दाराला आतून चिकटवून येतो.