व्हायरस गेला, सिरॉसिस राहिला

मुलाने फाइल उघडली ती दोन वर्षांपूर्वीच्या रिपोर्टवर. हेपॅटायटिस सीचा व्हायरस आढळला नाही. सोफोसबुविर 400 आणि वेल्पाटासविर 100 मिलिग्रॅमची रोज एक गोळी, 12 आठवडे, आणि ती संपल्यावर आणखी 12 आठवड्यांनी ही तपासणी. उपचार चोख झाला होता. "मग आता पोट का फुगलं, डॉक्टर?" काका खुर्चीतच पेंगत होते. हात ताठ पुढे धरायला लावले, तर पंजे मनगटातून फडफडत होते. आजारी यकृताचा मेंदूवर परिणाम झाल्याची ही खूण.

व्हायरस जाण्याआधीच सिरॉसिस झाला होता, म्हणजे यकृत व्रणांनी भरून घट्ट झालं होतं. गोळ्यांनी तो पुसला जात नाही. यकृतात कर्करोगाची गाठ होतेय का हे पाहणारी, दर सहा महिन्यांची सोनोग्राफी एकदाही झाली नव्हती. त्यात गुडघ्यासाठी आठ दिवस डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक घेतलं होतं. अशा रुग्णाच्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा प्रोस्टाग्लँडिनच्या (रक्तवाहिन्या रुंद ठेवणाऱ्या रसायनाच्या) आधारावर तगलेला असतो आणि हे औषध तोच आधार काढून घेतं. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन 2.1 होतं, म्हणजे वाढलेलं.

पोटातलं पाणी लगेच तपासायला घेतलं. रक्त गोठायला लागणारा वेळ दाखवणारा आयएनआर 1.8, म्हणजे वाढलेला, आणि प्लेटलेट 62 हजार, म्हणजे कमी. तरीही त्यासाठी आधी प्लाझ्मा चढवायची गरज नसते, त्यात वेळ मात्र जातो. कल्चरच्या (जंतू वाढवून ओळखण्याच्या) बाटल्या खाटेपाशीच भरल्या, प्रत्येकी 10 मिली. पाणी नुसतंच लॅबला पाठवलं तर जंतू सापडण्याची शक्यता घटते. पाण्यात न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, घन मिलिमीटरमागे 620 आल्या. 250 गाठले की संसर्ग धरून चालायचं, कल्चरसाठी थांबायचं नाही.

सेफ्ट्रिॲक्सोन हे अँटिबायोटिक 2 ग्रॅम रोज सुरू केलं. अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन, शिरेतून) पहिल्या दिवशी किलोमागे दीड ग्रॅम, तिसऱ्या दिवशी एक ग्रॅम. 60 किलोंना 90 ग्रॅम, म्हणजे 20 टक्क्यांच्या 100 मिलीच्या साडेचार बाटल्या. बाटली महाग असते, म्हणून नातेवाईक "एकच लावा" म्हणतात. पण मूत्रपिंड वाचतं ते त्यानेच, इथे काटकसर करू नये. लघवीच्या गोळ्या बंद केल्या. वरचा रक्तदाब 86, म्हणून रक्तदाब उतरवणारं कार्वेडिलॉलही थांबवलं.

शौचावाटे मेंदूला गुंगवणारी द्रव्यं बाहेर काढणारं लॅक्टुलोज घरी बंद केलं होतं, "जुलाब होतात" म्हणून. दिवसाला दोन-तीन मऊ शौच हाच त्याचा हेतू असतो. त्याहून जास्त झाले तर मात्रा कमी करायची, औषध सोडायचं नाही. 48 तासांनी पाणी पुन्हा तपासलं, न्यूट्रोफिल 140. तिसऱ्या सकाळी काकांनी मुलाला नावाने हाक मारली. पाचव्या दिवशी क्रिएटिनिन 1.2 झालं.

काकूंनी यकृताला जड म्हणून डाळ आणि अंडी बंद केली होती. ती पुन्हा सुरू करायला सांगितली, रोज 75 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आणि झोपण्यापूर्वी काहीतरी खाणं. रात्रभर उपाशी राहिलं की शरीर स्वतःचे स्नायू जाळतं. मीठ दिवसभरात मिळून चहाचा सपाट चमचाभर, पापड-लोणचं बंद. दुखलं तर पॅरासिटामॉल, दिवसाला 2 ग्रॅमपर्यंतच. सोनोग्राफीत गाठ नव्हती. पुढची सहा महिन्यांनी.

लघवीच्या गोळ्या कमी मात्रेत पुन्हा चालू झाल्या. वजन रोज सकाळी, शौचानंतर, त्याच काट्यावर. पायांवर सूज नसताना दिवसाला अर्ध्या किलोपेक्षा जास्त उतरलं, तर त्याच दिवशी फोन करायचा.