कोझुमेलमधला आजचा दिवस

आज आमचं जहाज मेक्सिकोच्या कोझुमेल बेटाला लागलं. आईला सान हेर्वासिओचे माया संस्कृतीचे अवशेष दाखवायचेच होते. हे इश्चेलचं ठाणं; इश्चेल ही माया लोकांची चंद्राची आणि बाळंतपणाची देवी. पलीकडच्या किनाऱ्यावरून बायका होडीने समुद्र ओलांडून तिच्या दर्शनाला यायच्या. हे ऐकलं आणि आईने चपला काढून त्या तापलेल्या दगडांपुढे हात जोडले. मला भरूनच आलं. शेजारी एक इग्वाना, म्हणजे मोठा सरडा, ऊन खात निवांत पसरला होता.

कुणी जाणार असाल तर टॅक्सीला मीटर नसतो, बसण्याआधी भाडं विचारा. थोडे पेसो जवळ असू द्या. तीन धक्क्यांपैकी पुंता लांगोस्ताच गावात आहे, बाकीचे दोन दक्षिणेला, लांब. आणि घड्याळ जहाजाच्याच वेळेवर ठेवा! इथे २०१५ पासून उन्हाळ्यात घड्याळं पुढे करत नाहीत, त्यामुळे इथली वेळ जहाजाच्या वेळेपेक्षा वेगळी असू शकते, आणि मोबाइल मात्र आपोआप स्थानिक वेळ दाखवतो. एक कुटुंब लेकरांना कडेवर घेऊन धक्क्यावरून पळताना पाहिलं, पोटात गोळाच आला.

परतताना गाडीवर आंब्याच्या फोडी घेतल्या, वर तिखट-मीठ आणि लिंबू पिळलेलं. आई म्हणाली, "अगं, ही तर आमच्या शाळेबाहेरची कैरी!"