बावीस नंबरचं पोर्ट आणि कॉलेजचा अर्ज

लिनक्स सर्व्हर शिकायचा म्हटलं की सगळे कमांड शिकवतात. फाइल कशी उघडायची, परवानग्या कशा बदलायच्या, सर्व्हिस कशी चालू-बंद करायची. ते येतं हो, आठवड्याभरात हात बसतो. पण सर्व्हर तिकडे ठणठणीत चालू आहे, त्याचं मीटर पळतंय, आणि आपण हॉस्टेलच्या खोलीत बसून त्याच्यापर्यंत पोचूच शकत नाही, असंही होतं. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. माझं नेमकं तेच झालं, आणि चीड अजून गेलेली नाही.

मी टीईला, म्हणजे इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मिनी प्रोजेक्टच्या ग्रुपमध्ये सर्व्हरचं काम माझ्या गळ्यात पडलं. एक जीबी रॅमचं छोटं मशीन भाड्याने घेतलं, मुंबईच्या डेटा सेंटरमधलं, वर उबुंटू 24.04. कार्डवर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करायला बँकेच्या ॲपमध्ये जावं लागलं, बाकी काही अडलं नाही. दूरच्या मशीनमध्ये सुरक्षितपणे शिरायला एसएसएच वापरतात. त्यासाठी लॅपटॉपवर एसएसएच-कीजेनने ईडी25519 प्रकारची, पासवर्डऐवजी चालणारी किल्ली बनवली, तिचा पब्लिक भाग मशीन घेतानाच चिकटवला, आणि हॉस्टेलच्या वाय-फायवरून एसएसएच मारलं.

कर्सर लुकलुकत राहिला. साधारण दोन मिनिटांनी एक ओळ आली: कनेक्शन टाइम्ड आउट.

नवशिक्या माणसाने या जागी थांबून संदेश नीट वाचावा. एसएसएच अडलं की बहुतेक वेळा तीनपैकी एक ओळ दिसते आणि तिघींचा अर्थ वेगळा असतो. ‘परमिशन डिनाइड’ आलं तर आनंद माना, कारण तुम्ही दारापर्यंत पोचलात, आतून उत्तरही आलं. फक्त किल्ली किंवा युजरचं नाव चुकतंय. (उबुंटूच्या क्लाउड मशीनवर युजर बहुधा ‘उबुंटू’ हाच असतो, ‘रूट’ नाही.) ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे मशीन सापडलं, पण त्या पोर्टवर (मशीनचं नंबर असलेलं दार, एसएसएचचं बावीस) कुणी ऐकत नाहीये. आणि ‘टाइम्ड आउट’ म्हणजे पलीकडून हूं की चूं नाही. आपण पाठवलेलं पाकीट, म्हणजे डेटाचा तुकडा, वाटेत कुणीतरी गिळलं. अशा वेळी एसएसएचची सेटिंग फाइल उघडून खरडत बसण्यात अर्थ नसतो, वाट तपासायची असते.

रूममेटच्या फोनचा हॉटस्पॉट घेतला. एका सेकंदात आत. म्हणजे किल्ली बरोबर, युजर बरोबर, सर्व्हर जिवंत. तरीही आत जाऊन खात्री केली. सिस्टिमसीटीएल कमांडने एसएसएचची स्थिती विचारली की 24.04 मध्ये एक गंमत दिसू शकते: मशीन चालू झाल्यापासून एकही एसएसएच कनेक्शन आलेलं नसताना, उदाहरणार्थ वेबसाइटवरच्या कन्सोलमधून विचारलं तर, सर्व्हिस ‘इनॲक्टिव्ह’ दिसते. घाबरू नका. उबुंटूने 22.10 पासून एसएसएच सॉकेटवर टाकलंय; पोर्ट सिस्टिमडी (सगळ्या सर्व्हिस सांभाळणारा प्रोग्राम) धरून ठेवतं आणि पहिलं कनेक्शन आलं की मगच एसएसएच उठतं. त्यामुळे स्थितीपेक्षा एसएस कमांडने कोणतं पोर्ट उघडं आहे ते बघा. माझं बावीस उघडं होतं. भाड्याने देणाऱ्यांच्या वेबसाइटवर मशीनच्या बाहेरची वेगळी फायरवॉल (कुणाला आत सोडायचं ते ठरवणारी चाळणी) असते, तिथेही बावीस उघडं. मशीनच्या आतली फायरवॉल, युएफडब्ल्यू, तेव्हा चालूच केली नव्हती.

मग शेवटचा पुरावा. माझा लॅपटॉप हॉटस्पॉटवर ठेवून सर्व्हरवर टीसीपीडम्प लावलं, बावीस नंबरवर येणारी पाकिटं दाखव म्हणून. माझ्याच सेशनची पाकिटं धो धो वाहू नयेत म्हणून ‘अँड होस्ट’ लिहून पुढे कॉलेजचा बाहेरचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) टाकला. तो आयपी हॉस्टेलच्या वाय-फायवरून ‘माझा आयपी काय’ सांगणारी एखादी साइट उघडली की कळतो. रूममेटने त्याच्या लॅपटॉपवरून, हॉस्टेलच्या वाय-फायवर, एसएसएच मारलं. पडद्यावर शून्य. पुन्हा मारलं. शून्य. गंमत म्हणून आयपीची अट काढली तर ओळींचा पाऊस: कोण कुठले अनोळखी आयपी दार वाजवत होते. जगभरातल्या बॉट्सना माझा सर्व्हर सापडत होता, आमच्या हॉस्टेलला सापडत नव्हता.

म्हणजे बावीस नंबर कॉलेजच्या फायरवॉलवरच बंद. इथून खरी कथा सुरू.

कॉलेजचं नाव घेत नाही. नेटवर्कचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, दाराला कायम अर्धवट पडदा. आत गेलो, सांगितलं. सरांनी मान वर न करता विचारलं, “कुठली साइट उघडत नाहीये?”

“साइट नाही सर, एसएसएच. पोर्ट बावीस.”

“सगळ्यांना ऐंशी आणि चारशे त्रेचाळीस पुरतात. तुलाच बावीस कशाला?”

ऐंशी आणि चारशे त्रेचाळीस वेबसाइटसाठी, बावीस एसएसएचसाठी, हे समजावलं. त्यावर शेजारच्या टेबलावरून सल्ला आला, “टेलनेट वापर की. आमच्या वेळी तेच होतं.” आता काय बोलणार? टेलनेट म्हणजे एसएसएचच्या आधीचं साधन, त्यावर पासवर्ड उघड्यावर जातो, वाटेत कुणीही वाचू शकतो. हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठात 1995 मध्ये नेटवर्कवरून असेच पासवर्ड चोरले गेले, म्हणून तर तिथल्या तातू युलोनेन यांनी एसएसएच लिहिलं. बावीस नंबर मागून घेण्यामागेही तोच हिशोब होता: टेलनेट तेवीसवर, एफटीपी एकवीसवर, आणि मधला नंबर रिकामा होता. हे सगळं मनात. तोंडाने “बरं सर” म्हणून अर्ज मागितला.

अर्ज म्हणजे एक पानी फॉर्म, ‘संकेतस्थळ खुले करणेबाबत’. रकाने: संकेतस्थळाचे नाव, कारण, कालावधी, मार्गदर्शकांची सही, विभागप्रमुखांची सही. पोर्टचा रकानाच नाही. मी संकेतस्थळाच्या जागी सर्व्हरचा आयपी लिहिला, बाजूला ‘पोर्ट 22, टीसीपी’. गाइडनी लगेच सही दिली. एचओडी नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, मीटिंगमध्ये, मग दौऱ्यावर, मग ‘उद्या ये’. सही मिळाल्यावर आवक-जावकला नोंद करायची. तिथले मामा दुपारी जेवून आल्यावर मूडमध्ये असतात, सकाळी जाऊ नका. नोंद झाली, नंबर पडला, वाट बघितली.

फॉर्म परत आला. वर लाल पेनने एकच शब्द: अपूर्ण.

काय अपूर्ण? ऑफिसात विचारलं तर, “साइटचं नाव नाही ना टाकलं.” साइटच नाहीये, सर. सर्व्हर आहे. “मग साइट झाली की ये.” साइट चढवायलाच तर सर्व्हरवर जायचंय! त्यात अजून एक खडा पडला: “तुझा सर्व्हरच बंद असेल. इकडून सगळं ओके आहे.”

या वाक्याची मी वाटच बघत होतो. टीसीपीडम्पच्या पडद्याचे फोटो प्रिंट करून नेले होते: एकात हॉटस्पॉटवरून आलेली पाकिटं, वेळेसकट, दुसऱ्यात हॉस्टेलवरून प्रयत्न चालू असतानाचा कोरा पडदा. तिसऱ्या कागदावर त्याच मशीनच्या ऐंशी नंबरला हॉस्टेलवरूनच कर्ल कमांडने मिळालेलं उत्तर, कारण तेवढ्यात हॉटस्पॉटवरून एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर टाकून ठेवला होता. मशीन तेच, वाय-फाय तेच, फक्त नंबर वेगळा. सरांनी तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि पहिल्यांदा मान वर केली. “बस,” म्हणाले.

खरं कारण तेव्हा कळलं. हॉस्टेलमधल्या लॅपटॉपना व्हायरस लागतो आणि ते बाहेरच्या सर्व्हरांवर एसएसएचचे पासवर्ड आदळत बसतात. तक्रार येते ती कॉलेजच्या आयपीवर, तो काळ्या यादीत जातो, आणि उत्तर या ऑफिसला द्यावं लागतं. हे मला पटलं. माझ्या सर्व्हरवर दार वाजवणारे ते बॉट्स बघितल्यावर न पटून सांगतो कुणाला? पण हेच चार ओळींत दारावर चिकटवलं असतं तर माझ्या चपला वाचल्या असत्या.

या मधल्या काळात मित्रांचा आग्रह होता की एसएसएच सरळ चारशे त्रेचाळीसवर हलव. गिटहब स्वतः तशी सोय देतं, बावीस बंद असलेल्या लोकांसाठी, त्यामुळे कल्पना वाईट नाही. केलं. इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, 24.04 मध्ये एसएसएचडी-कॉन्फिग या सेटिंग फाइलमध्ये पोर्ट बदलून फक्त एसएसएच रीस्टार्ट करून भागत नाही. डेमन-रीलोड करून एसएसएच डॉट सॉकेट रीस्टार्ट करावं लागतं, नाहीतर ते जुन्याच नंबरवर बसून राहतं. दोन, एवढं करूनही हॉस्टेलवरून ‘कनेक्शन रीसेट बाय पीअर’ आलं. एसएसएच सर्व्हर आपलं नाव आणि आवृत्ती सुरुवातीलाच उघडपणे सांगतो, आणि फायरवॉल ते वाचणारी असेल तर नंबर बदलून तिला फसवता येत नाही. शिवाय चारशे त्रेचाळीस पुढे एचटीटीपीएसला लागणारच होतं. परत बावीसवर आणलं. दुसऱ्याच्या नेटवर्कमध्ये चोरवाट काढण्यापेक्षा अर्जाच्या मागे लागणं बरं, असं माझं मत झालं, पाय दुखत असूनही.

परवानगी मिळाली ती अशी: फक्त प्रोजेक्ट लॅबच्या मशीनांवरून, फक्त माझ्या सर्व्हरच्या आयपीला, सेमिस्टर संपेपर्यंत. हॉस्टेलवरून अजूनही नाही. ज्या संध्याकाळी लॅबमधून प्रॉम्प्ट आला तेव्हा मी मोठ्याने ओरडलो, लॅब असिस्टंट काकू रागावल्या.

आता आठवतील तसे सल्ले. युएफडब्ल्यू चालू करण्याआधी ‘अलाऊ ओपनएसएसएच’ करा, मग ‘एनेबल’. क्रम उलटा झाला तर स्वतःलाच कुलूप लागतं. एसएसएचच्या फाइलला हात लावताना एक सेशन उघडंच ठेवा, दुसऱ्या खिडकीतून नवीन लॉगिन करून बघा आणि मगच पहिलं बंद करा. रीस्टार्टच्या आधी ‘एसएसएचडी डॅश टी’ केलं की फाइलमधली टायपिंगची चूक कळते.

पासवर्डने लॉगिन बंद करायचं असेल तर मुख्य फाइलमध्ये ‘नो’ लिहून निवांत होऊ नका. शेजारच्या ‘डॉट डी’ फोल्डरमध्ये क्लाउड-इनिटची (मशीन पहिल्यांदा उभं करणाऱ्या प्रोग्रामची) छोटी फाइल असू शकते. ती आधी वाचली जाते, आणि एसएसएचमध्ये पहिलं वाचलेलं मूल्य टिकतं. ‘एसएसएचडी डॅश कॅपिटल टी’ने खरं काय लागू आहे ते दिसतं. हे मी एका सिनिअरच्या सर्व्हरवर बघितलं, तो पासवर्ड बंद आहे या समजुतीत महिनोन्‌महिने होता.

लॉगमधली वेळ बघून गोंधळू नका, सर्व्हर यूटीसीवर असतो. लॉगमधले साडेतीन म्हणजे आपले सकाळचे नऊ. टाइमडेटसीटीएलने आशिया/कोलकाता लावून टाका. एक जीबीवर डेटाबेस चालवणार असाल तर स्वॅप फाइल (डिस्कवरची जादा मेमरी) बनवा, नाहीतर मेमरी संपली की कर्नल स्वतःच एखादी प्रोसेस मारतो आणि आपण ॲपमध्ये बग शोधत बसतो. एचटीटीपीएससाठी लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट सर्टबॉटने घेताना ऐंशी नंबर उघडा ठेवा, एचटीटीपीवरची तपासणी तिथूनच होते.

आणि अर्जाबद्दल. ‘कारण’ या रकान्यात ‘शैक्षणिक उपयोग’ असलं मोघम काही लिहू नका. ‘मिनी प्रोजेक्टचा सर्व्हर चालवण्यासाठी, फक्त किल्लीने लॉगिन, पासवर्ड बंद’ असं लिहा, त्यांना काळजी असते तीच कमी होते. झेरॉक्स स्वतःकडे ठेवा, आवक नंबरासकट. आणि फॉर्म भरण्याच्या आधी, अगदी पहिल्यांदा, सर्व्हरला कायमचा आयपी घ्या. बऱ्याच ठिकाणी मशीन बंद करून पुन्हा चालू केलं की बाहेरचा आयपी बदलतो. आमच्या शेजारच्या ग्रुपने बिल वाचवायला म्हणून रात्री मशीन बंद केलं. सकाळी त्यांची परवानगी एका जुन्या आयपीच्या नावावर होती, आणि नवीन फॉर्मवर सही करणारे एचओडी पुन्हा दौऱ्यावर.