येऊरचा घसारा: दसरा ते होळी

मागच्या नोंदीत ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगरावर सायकलने चढण्याबद्दल लिहिलं होतं. हा हंगाम मी पूर्ण उतारासाठी ठेवला, आणि उतारातही घसाऱ्यासाठी, म्हणजे सुट्या खड्यांच्या निसरड्या पट्ट्यांसाठी. आपल्याकडच्या डोंगरांवर सायकल चालवणाऱ्याचा खरा कस मोठ्या दगडांवर लागत नाही, तो सुट्या मुरमावर लागतो असं माझं आता ठाम मत झालंय.

सायकल तीच आहे: 29 इंची चाकांची हार्डटेल (फक्त पुढे शॉकअप असलेली), तो शॉकअप 100 मिमीचा, दोन्ही चाकांना हायड्रॉलिक डिस्क ब्रेक. वाटही तीच. उपवन तलावापासून घाटरस्ता धरायचा, वनखात्याचा नाका ओलांडायचा आणि पाटोणापाड्याच्या बाजूला पाड्यांना जोडणाऱ्या मळलेल्या वाटांवर उतरायचं. आतल्या जंगलवाटांकडे मी चाक वळवत नाही. हे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे, साधारण 104 चौरस किलोमीटरचं, आणि त्यात बिबटे राहतात. ऊन वर आल्यावर सुरुवात करायची, तिन्हीसांजेच्या बऱ्याच आधी खाली यायचं, कानात काही घालायचं नाही. हे नियम कंटाळवाणे वाटले तरी मी मोडत नाही.

दसऱ्याच्या सुमाराला वाट छान होती. मुरूम ओलसर आणि दबलेला, टायर जमीन धरून ठेवायचा. सावलीतल्या कातळावरचं शेवाळ तेवढं जपायला लागलं. दिवाळीनंतर ओल गेली. मग बारीक माती उडून गेली आणि वर राहिले ते बोराएवढे सुटे खडे. ट्रेकला जाणारे ज्याला घसारा म्हणतात तोच, फक्त इथे पायाऐवजी दोन बोटं रुंद टायर त्यावर टिकवायचा असतो.

उतारावर वजन पुढे जातं, म्हणून थांबवण्याचं बहुतेक काम पुढचा ब्रेकच करतो. पण खड्यांवर पुढचं चाक जाम झालं की हँडल हातात राहत नाही. या धास्तीने पुष्कळजण नुसता मागचा ब्रेक आवळतात. मग मागचं चाक फरफटतं, वेग काही कमी होत नाही आणि वाटेत चर पडतो. पावसात त्याच चरातून पाणी धावतं आणि त्याची घळ होते. त्या वाटेने डोक्यावर ओझी घेऊन माणसं रोज ये-जा करतात, त्यामुळे चाक न फरफटवता उतरणं हे मला कौशल्याइतकंच सौजन्याचंही वाटतं.

माउंटन बाइकिंगच्या सुरुवातीच्या काळातली एक गोष्ट ब्रेकबद्दलच आहे. कॅलिफोर्नियातल्या फेअरफॅक्स गावाजवळच्या एका कच्च्या उतारावर 1976 पासून शर्यती व्हायच्या. जुन्या जाड सायकली, पेडल उलटं दाबलं की लागणारा ब्रेक. तळाला पोचेपर्यंत हबमधलं, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यातलं ग्रीस जळून जायचं आणि ते दरवेळी नव्याने भरावं लागायचं. त्यावरून त्या उताराचं नाव पडलं ‘रीपॅक’. आज आपल्या एका बोटात त्या लोकांपेक्षा कितीतरी जास्त ताकद आहे. प्रश्न उरतो तो फक्त ती कुठे वापरायची याचा.

माझं उत्तर या हंगामात पक्कं झालं: ब्रेक कातळावर, मोकळीक घसाऱ्यावर. सुटा पट्टा यायच्या आधी जिथे घट्ट जमीन असेल तिथेच वेग कमी करायचा, दोन्ही ब्रेक हळूहळू, एकेका बोटाने. पट्ट्यावर आलं की बोटं सैल सोडायची आणि चाकांना फिरू द्यायचं. पेडलं समपातळीत, टाचा खाली, ढुंगण सीटवरून उचललेलं, कोपरं वाकलेली. नजर पुढच्या चाकावर नाही, तर पट्टा जिथे संपतो तिथे. जांभळाखालच्या वळणावर आधी मी सायकल हाताने उतरवायचो. आता पाय न टेकता निघतो, आणि मागे चराची खूण राहत नाही. या हंगामातला सगळ्यात मोठा आनंद हाच.

टायर ट्यूबलेस केल्याचा फरक मोठा पडला, हवा कमी ठेवता येते. माझं वजन 68 किलो. पूर्वी हवेचा दाब 32 पीएसआय असायचा, आता पुढे 24 आणि मागे 27. शॉकअप मी बसल्यावर 20 ते 25 मिमी दबेल असा लावलाय. रुंद हँडल मात्र कारवीच्या काठ्यांत अडकतं, त्याला अजून उपाय नाही.

होळीजवळ सागाची पानं पडून वाट झाकली गेली. मोळी घेऊन येणाऱ्या एका मावशींसाठी मी बाजूला थांबलो होतो. त्या म्हणाल्या, “पानांवरनं नको जाऊ बाळा, खाली धोंडा हललेला असतो. आमी कडंकडंनं चालतो बघ.” तेव्हापासून पानांच्या ढिगात मी त्यांच्या पावलांची रेघ शोधतो. पाड्यातल्या माणसांची पायवाट हीच सगळ्यात भरवशाची लाइन असते.

घाट नसेल त्या दिवशी घोडबंदर रोडने गायमुखपर्यंत, एका हाताला डोंगर आणि दुसऱ्या हाताला खाडी. तिथून आल्यावर चेन कोरडी पुसून तेल देतोच. खारी हवा बोल्टांवर आणि बेअरिंगवर फार लवकर गंज चढवते.

आता पावसाआधी पुढचा टायर बदलायचाय. 2.35 इंची, मोठ्या बटणांचा (टायरवरच्या रबरी उंचवट्यांचा) घ्यावा की आहे तोच 2.2 ठेवून रबर मऊ निवडावं, इथे अडलोय. मोठी बटणं चिखलात चांगली, पण ओल्या कातळावर मऊ रबर जास्त धरतं असा माझा अंदाज आहे. ज्यांनी पावसात येऊर किंवा खारघरच्या टेकडीवर दोन्ही चालवलेत, त्यांनी हवा किती ठेवली होती तेही जरूर कळवा.