नवी बाईक, पहिली सहल आणि टाइट चेन: घाटात शिरण्याआधी हे वाचा

डिलिव्हरीच्या दिवशी शोरूममध्ये मी तीनदा विचारलं, "चेन, हवा, ब्रेक, सगळं बघितलंय ना?" तिन्ही वेळा एकच उत्तर मिळालं. "सगळं चेक करूनच देतो आम्ही. बिनधास्त चालवा." तपासणीच्या कागदावर ओळीने टिक होत्या, खाली सही होती. त्या कागदावर विश्वास ठेवून मी दोन दिवसांच्या सहलीला निघालो आणि १९ किलोमीटरच्या एका घाटात जीव टांगणीला लागला. तुमच्यापैकी जे कोणी नवी कोरी, चार सिलिंडरची, दोनशे किलोची गाडी घेऊन पहिल्यांदा लांब निघणार आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. हेल्मेट, जॅकेट, ग्लव्ह्ज, बूट याबद्दल काही सांगत नाही, ते तुमच्याकडे असणारच.

निघताना मीटरवर ९६ किलोमीटर होते. पहिले १४० किलोमीटर सरळ, रुंद हायवे. माझ्या पुस्तिकेत पहिल्या ८०० किलोमीटरला ४००० आरपीएमची (इंजिनाचे मिनिटाला फेरे) मर्यादा दिली आहे, म्हणजे सहाव्या गिअरलाही ताशी ऐंशीच्या आतच. मागून ट्रकसुद्धा दिवे मारत पुढे जातात. जाऊ द्या त्यांना. फक्त तासन्तास एकाच वेगावर गाडी धरून ठेवू नका, मध्ये मध्ये गिअर बदला, वेग कमीजास्त करा. आणि मर्यादा पाळायची म्हणून वरच्या गिअरमध्ये इंजिन रडवत चढ चढू नका, त्याने इंजिनावर जास्त ताण येतो.

हायवेवरच दोन गोष्टी खटकत होत्या. पन्नासच्या पुढे खालून एक बारीक, सलग "कूंऽऽ" असा आवाज येत होता आणि थ्रॉटल (वेगाची मूठ) सोडला की तो बदलायचा. दुसरं म्हणजे पुलांच्या सांध्यांवर मागचं चाक दगडासारखं आदळायचं. मला वाटलं, स्पोर्ट्स बाईकचं सस्पेन्शन असंच कडक असणार. ही समजूत साफ चुकीची होती. सस्पेन्शन कडक असलं तरी ते हललं पाहिजे. माझं हलतच नव्हतं.

घाट सुरू झाला. पहिली चार-पाच वळणं नीट गेली. मग एका डाव्या हेअरपिनला, रस्त्याच्या मधल्या पांढऱ्या पट्ट्यावरून जाताना मागचं चाक हातभर सरकलं. ट्रॅक्शन कंट्रोलचा (चाक घसरू लागलं की ताकद कमी करणारी यंत्रणा) दिवा चमकला, गाडी सावरली. वेग तिशीच्या आतच होता, रस्ता कोरडा होता. पुढच्या प्रत्येक खड्ड्यात मागून धक्का थेट कण्यात बसत होता आणि वळणात थ्रॉटल उघडताना गाडी झटके देत होती. ट्रकच्या मागे रांगेत अडकलो तेव्हा पाण्याचं तापमान १०४ दाखवत होतं, पंखा चालू, उजवी मांडी भाजत होती. (या तापमानाला घाबरू नका. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं हे पाणी, दाबाखाली असतं, त्यामुळे शंभरला उकळत नाही. पण गरम असताना रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका.) ते १९ किलोमीटर कापायला मला सव्वा तास लागला आणि वर पोचलो तेव्हा दोन्ही मनगटं बधिर झाली होती.

वर गाडी लावली. सोबतचा मित्र जुना खेळाडू. त्याने खाली बसून बोटाने चेन खालून वर दाबली आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणारा, वर-खाली होणारा दांडा) स्टिकरवर स्पष्ट लिहिलंय, ढील, म्हणजे चेन जेवढी वर-खाली हलायला हवी ते अंतर, ३० ते ४० मिलिमीटर. माझी जेमतेम दहा भरली. तो म्हणाला, "आता तू वर बस." मी बसलो, त्याने पुन्हा बोट लावलं. चेन तारेसारखी ताठ.

इथे काय होतं ते नीट समजून घ्या. चाक वर-खाली होताना पुढच्या आणि मागच्या स्प्रॉकेटमधलं (चेन ज्यावर बसते ती दातेरी चाकं) अंतर बदलत असतं. पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा पिव्हट (तो जिथे फिरतो ती खुंटी) आणि मागचा ॲक्सल (चाकाच्या मधला दांडा) एका रेषेत आले की ते अंतर सर्वांत जास्त होतं. स्टिकरवरची ढील त्याच क्षणासाठी ठेवलेली असते. ती नसेल तर खड्ड्यात चाक वर जाऊच शकत नाही, चेन त्याला धरून ठेवते. सगळा धक्का मग गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टच्या बेअरिंगवर, ऑइल सीलवर आणि मागच्या चाकाच्या बेअरिंगवर जातो. ढिली चेन आवाज करते, फार ढिली झाली तर स्प्रॉकेटवरून उतरूही शकते. पण तिची खडखड ऐकू येते, सावरायला वेळ मिळतो. टाइट चेन गपचूप इंजिनाच्या पोटातला भाग खाते. "चालवून चालवून आपोआप ढिली होईल" असं कोणी सांगितलं तर त्याच्या हातात गाडी देऊ नका.

मग हवा बघितली. गेज माझ्याच बॅगेत होतं आणि सकाळी मी ते लावलं नव्हतं, याचा मला अजून त्रास होतोय. मागच्या टायरमध्ये ५३ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप)! टायर गरम होता, चार-पाच पीएसआय त्यामुळे वाढलेले धरले तरी सकाळी ४८ असणार. पुस्तिकेप्रमाणे थंड टायरला पुढे ३६, मागे ४२ हवे. गाडी महिनोन्महिने उभी राहते तेव्हा टायर दबू नयेत म्हणून हवा जास्त भरून ठेवतात आणि गिऱ्हाइकाला देताना ती उतरवायची असते. इथे ती उतरवलीच नव्हती. वर नव्या टायरचा गुळगुळीत, चकचकीत पृष्ठभाग अजून झिजलेला नव्हता. पट्ट्यावर चाक का सरकलं, ते कळलं.

गरम टायर थेट ४२ वर आणू नका, रात्री थंड झाल्यावर हवा कमी पडेल. आम्ही ४७ वर ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी जागची हलवायच्या आधी, ४२ केली.

चेनसाठी सीटखालच्या टूलकिटमध्ये काहीही कामाचं निघालं नाही. ॲक्सल नट २७ मिलिमीटरचा आणि किटमध्ये तेवढा पानाच नाही. मित्राच्या पॅनिअरमध्ये (गाडीच्या बाजूची पेटी) सॉकेट आणि लांब दांडा होता म्हणून निभावलं. तुम्ही आपल्या नटाचं माप घरीच बघून सॉकेट सोबत घ्या, यात तडजोड नको.

आम्ही असं केलं. नट सैल केला, दोन्ही बाजूंचे लॉकनट सैल केले, ॲडजस्टर (चाकाची जागा मागे-पुढे ठरवणारे बोल्ट) दोन्हीकडे अगदी सारखे, पाव-पाव फेरा फिरवले. चेन ढिली करायची म्हणजे चाक पुढे सरकायला हवं आणि ते आपणहून सरकत नाही, टायरवर मागून टाच मारावी लागते. मग चाक फिरवून चार-पाच ठिकाणी ढील मोजली. चेन सगळीकडे सारखी नसते, जिथे सर्वांत ताठ असेल तिथे माप धरायचं. ३५ आलं. नट आवळताना मागच्या स्प्रॉकेटच्या दातांवर चेनखाली कापडाची घडी घालून चाक थोडं फिरवलं, म्हणजे ॲक्सल ॲडजस्टरला घट्ट टेकून राहतो आणि माप हलत नाही. नटावर आणि स्विंगआर्मवर मिळून पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढली, नट फिरला तर रेघ तुटलेली दिसावी म्हणून. निघताना मागचा ब्रेक दोन-तीनदा दाबून बघितला. दांड्याच्या अंदाजाने आवळलेल्या नटावर फार दिवस विसंबू नका. मी दुसऱ्या दिवशी वाटेतल्या एका वर्कशॉपमध्ये टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच नट आवळणारा पाना) लावून घेतला.

दुसऱ्या दिवशी वरच्या पठारावर ११० किलोमीटर हिंडलो, रस्ता छान होता, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

खरी मजा परतीच्या घाटात आली. तोच रस्ता, तेच खड्डे आणि गाडी मात्र दुसरीच! वळणात शिरताना ती आपणहून झुकत होती, खड्डा गिळून पुढे जात होती, आवाज गायब. त्याच हेअरपिनला मी पट्टा टाळून वळलो, मागचं चाक जागेवरून हललं नाही आणि हेल्मेटच्या आत मी मोठ्याने ओरडलो. अशी गाडी परवडत असेल आणि हात बसलेला असेल तर विचार करत बसू नका, घ्या. पण उतारावर नव्या ब्रेकवर विसंबू नका. नवे पॅड डिस्कवर बसायला काही शे किलोमीटर जातात, तोवर ते अर्धवटच पकडतात. खालच्या गिअरात इंजिनाने वेग रोखा, ब्रेक थोडा दाबा, सोडा. सतत घासत उतरू नका.

बाकीच्या किरकोळ तक्रारी थोडक्यात. हेडलाइट इतका वर लावलेला की समोरचे सगळे दिवे मारत होते, मागचा स्क्रू फिरवून खाली आणला. क्लचचा लिव्हर आडवा होता, मनगट दुखण्याचं अर्धं कारण तेच. क्लॅम्प सैल करून हाताच्या रेषेत आणला. डाव्या फेअरिंगचा (बाजूचं आवरण) एक बोल्ट वाटेत पडला, तेव्हा निघण्याआधी सगळ्या बोल्टवरून एकदा ॲलन की फिरवा. चेनला कारखान्यातलं जाड, चिकट ग्रीस असतं, त्यावर धूळ बसते. ते रॉकेलने पुसून चेन ल्यूब मारा, खालच्या पट्टीच्या आतल्या बाजूने आणि चेन कोमट असताना. पेट्रोल नको, चेनमधल्या रबरी ओ-रिंग खराब होतात. ऑइल घालायची वेळ आली तर डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (बाईकच्या ऑइलचा दर्जा) लिहिलेलं बघा, कारचं ऑइल ओल्या क्लचला, म्हणजे ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला, सरकवू शकतं.

घरी पोचल्यावर इंजिन थंड झालं तसं पुन्हा मोजलं. चेन ३४, रेघ अखंड, हवा बरोबर. पुढच्या स्प्रॉकेटच्या कव्हरखाली पांढरा कागद रात्रभर ठेवला, सकाळी ऑइलचा थेंब नव्हता. तरीही पहिल्या सर्व्हिसिंगला ते कव्हर माझ्यासमोर उघडायला लावणार आहे, आणि ढीलही मीच मोजणार आहे.