ढोल बांधायच्या आधी १५ मिनिटं

तीन वर्षांपूर्वी विसर्जनाच्या मिरवणुकीत लक्ष्मी रोडवर माझी कंबर धरली. अशी धरली की ढोल सोडायला दोघींनी मदत केली आणि दुसऱ्या दिवशी चप्पल घालायला खाली वाकता येईना. एक्स-रे मध्ये काही निघालं नाही. फिजिओथेरपिस्ट ताईंनी मात्र एकच सांगितलं, ढोल बांधून उभी कशी राहतेस ते दाखव.

मी उभी राहिले. पोट पुढे, कंबर आत गेलेली, खांदे मागे टाकलेले, गुडघे लॉक. पथकात आम्ही जवळपास सगळे असेच उभे राहतो, कारण ढोल पुढे लटकतो आणि त्याचा भार तोलायला आपण नकळत मागे झुकतो, मग सगळा दाब कमरेच्या मणक्यांमागच्या छोट्या सांध्यांवर येतो आणि पोटाचे स्नायू नुसते ताणलेले राहतात, काम काहीच करत नाहीत. माझा ढोल ७-८ किलोचा, तो बांधून चार-पाच तास वादन. आणि बाकीचं वर्ष ऑफिसात लॅपटॉपसमोर पोक काढून बसायचं! दहा महिने पुढे वाकलेलं शरीर दोन महिने एकदम मागे ताणलं तर ते कुठेतरी बोलणारच.

दुखणं उतरल्यावर त्यांनीच मला पिलाटेसला घातलं, म्हणजे श्वासासोबत सावकाश करायचे पोटा-पाठीच्या स्नायूंचे व्यायाम. मला वाटायचं त्याला मोठमोठी मशिन्स लागतात, पण आमचं सगळं साध्या मॅटवर. पहिल्या दिवशी मला पाठीवर झोपवून गुडघे दुमडायला लावले आणि ताईंनी कमरेखालून हात घातला, तो आरपार गेला. झोपलेली असतानाही माझी कंबर कमान करूनच होती! मग म्हणाल्या, ओटीपोटावर पाण्याने भरलेली वाटी आहे असं समज, आता ती छातीकडे कलंडू दे, आता पायांकडे, आणि आता मध्ये आण, पाणी सांडायला नको. ती मधली जागा शोधायला मला दोन आठवडे लागले. सपाट पण नाही आणि कमान पण नाही, कण्याचे नैसर्गिक बाक जसेच्या तसे.

दुसरी गोष्ट श्वासाची. "अगं पोट आत ओढून धरू नकोस, श्वास घेताना बरगड्या बाजूला फुलव आणि सोडताना पोट आपोआप आत येऊ दे." पोटाचा सगळ्यात आतला स्नायू कमरेभोवती पट्ट्यासारखा असतो, सावकाश श्वास सोडताना तो आवळला जातो. वादनाच्या वेळी आपण बाहेरून पट्टा बांधतो नं, हा पट्टा आतला. त्यानंतर शोल्डर ब्रिज, म्हणजे एकेक मणका उचलत कंबर वर घ्यायची आणि तशीच एकेक मणका टेकवत खाली. मग कुशीवर झोपून साइड किक, पाठीच्या वरच्या भागासाठी पालथं पडून स्वान, आणि बऱ्याच उशिरा हंड्रेड, पाच आकड्यांत श्वास आत, पाच आकड्यांत बाहेर, अशा दहा फेऱ्या. मला तो सुरुवातीला पाय जमिनीवर ठेवूनच करायला लावला.

हे ज्याने उभं केलं तो जोसेफ पिलाटेस, जन्म १८८३ चा, जर्मनीतला. लहानपणी दमा आणि मुडदूस. पहिल्या महायुद्धात जर्मन म्हणून ब्रिटिशांनी त्याला छावणीत ठेवलं, पुढे न्यूयॉर्कला गेला आणि आपल्या पद्धतीला 'कंट्रोलॉजी' म्हणायचा. तिथे त्याच्याकडे दुखापत झालेले नर्तक यायचे. हे वाचलं तेव्हा मला फार जवळचं वाटलं, कारण तेही आपल्यासारखेच, शरीर दुखलं तरी थांबायला तयार नसलेले.

जादू नाहीये ही. कॉक्रेन ही संस्था वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासते, तिच्या २०१५ च्या आढाव्यातही हेच निघालं की कंबरदुखीला काहीच विशेष न करण्यापेक्षा पिलाटेस बरं, पण बाकीच्या व्यायामांपेक्षा ते सरस आहे असं ठामपणे सांगता येत नाही. मला उपयोग झाला तो उभं राहण्यात. आता ढोल बांधला की गुडघे किंचित सैल, बरगड्या खाली, आणि ढोल जमिनीवरून किंवा टेम्पोतून उचलताना अंगाशी धरून, श्वास सोडत. टिपरूचा (ढोल वाजवायच्या काठीचा) जोर पण आता खांद्यातून कमी आणि अंगातून जास्त येतो. गेली दोन वर्षं दहाही दिवस वाजवलं. संध्याकाळी अंग आंबतं, पण ती कळ पुन्हा आली नाही. (पाय बधिर होत असेल, त्यातली ताकद गेल्यासारखी वाटत असेल किंवा लघवीवरचा ताबा जात असेल तर व्यायाम वगैरे राहू दे, आधी डॉक्टर.)

मला मनापासून वाटतं की पथकांनी हे अंगावर घ्यायला हवं. आपण नवीन मुलामुलींना पहिला हात शिकवतो, ताल चुकला की थांबवतो, पण उभं कसं राहायचं हे कोणी सांगत नाही, आणि पहिल्याच आठवड्यात सतरा-अठरा वर्षांच्या मुलीच्या कमरेला मोठा ढोल बांधतो. मी आमच्या दादांशी भांडून सरावाआधीची १५ मिनिटं मागून घेतली आहेत. श्वास, वाटी, ब्रिज, आणि मग ढोल न बांधता भिंतीला पाठ लावून उभं राहणं, एवढंच. पुढच्या रविवारपासून नदीपात्रात संध्याकाळी साडेसहाला सुरू करतोय, सतरंजी आपापली आणा आणि जीन्स घालून येऊ नका.